पहिली मसल कार: ५८ हजार डॉलर रास्त आहेत का?

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो. १९६९ची शेव्हरोले शेव्हेल ही मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी, लाल रंगाची, चार गिअरची, ‘एसएस ३९६’ म्हणजे ३९६ घनइंच इंजिनाची ‘सुपर स्पोर्ट’ म्हणून विकायला आहे. मालक ५८,००० डॉलर मागतोय. रंग नुकताच मारलेला, ओडोमीटरवर ६१,००० मैल. इंजिन मूळचंच आहे, सगळं ‘नंबर मॅचिंग’ आहे, म्हणजे इंजिनावरचे नंबर गाडीच्या नंबरशी जुळतात, असं मालक सांगतो आणि पुरावा म्हणून इंजिनावरच्या नंबरचा फोटो देतो. जुने कागद मात्र एकही नाहीत. तुम्ही गेल्या वर्षभरातल्या विक्रीचे आकडेही जमवले आहेत: कागदपत्रांसह अस्सल एसएस ४८ ते ६२ हजारांना गेल्या, आणि साध्या मालिबूवर (शेव्हेलचंच साधं मॉडेल) एसएसचा साज चढवलेल्या, ज्यांना इथे अमेरिकेत क्लोन म्हणतात, त्या ३० ते ४० हजारांना. तुमची ही पहिलीच क्लासिक गाडी, आणि ५८ हजार रास्त आहेत का, हा प्रश्न.

माझं उत्तर: नाहीत. आज ती जशी उभी आहे तशी मी तिला ३४ हजार देईन. गाडीला नावं ठेवायची म्हणून हे म्हणत नाही. चालवायला ती कदाचित झकास असेल. पण जुन्या मसल कारचा भाव दोनच गोष्टींवर उभा असतो. कारखान्यातून ती काय म्हणून बाहेर पडली याचा पुरावा, आणि तिचा पत्रा. इंजिन नव्याने बांधता येतं, रंग पुन्हा मारता येतो, सीटची कव्हरं आणि डॅशबोर्ड घरपोच मिळतो. पुरावा हरवला किंवा मूळचा पत्रा गेला, तर कितीही पैसे ओतले तरी तो परत येत नाही. म्हणून पैसे मोजायचे ते या दोन गोष्टींसाठी. बाकीचं सगळं खर्चाच्या रकान्यात.

पुण्यात सेकंड-हँड गाडी बघायला गेलो की आपण सवयीने विचारतो: कुठल्या सालची, किती चालली, कितवा मालक. इथे त्यातल्या ‘किती चालली’वर अजिबात विसंबू नका. या गाड्यांचा ओडोमीटर पाच आकडी आहे. ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. तुमच्या गाडीचे ६१,००० मैल हे १,६१,००० किंवा २,६१,०००ही असू शकतात, आणि पन्नासेक वर्षांत काटा किती वेळा बदलला हे कोणी सांगू शकत नाही. जुन्या सर्व्हिसच्या पावत्या, ऑइल बदलल्याच्या चिठ्ठ्या असं काही सलग असेल तरच मैलांना किंमत द्यायची. कारफॅक्ससारख्या, गाडीचा इतिहास विकणाऱ्या सेवेवरही काही मिळणार नाही. १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-नंबर, १९८१पासून सुरू झाला. त्याआधीच्या गाड्या तिथे सापडत नाहीत.

आता पुराव्याकडे येतो, कारण तुमच्या ५८ हजारांपैकी निदान १५ हजार त्याचेच मागितले जात आहेत.

१९६६ ते १९६८ या तीन वर्षांत एसएस ३९६ ही शेव्हेलची वेगळी मालिका होती. व्हीआयएन १३८ने सुरू होतो, त्यामुळे निम्मा वाद तिथेच मिटतो. १९६९ला शेव्हरोलेने एसएसचा ‘झेड२५’ या कोडचा पर्याय केला. हा संच मालिबूवर मिळायचा आणि त्या एका वर्षी ३०० डीलक्स या शेव्हेलच्या दुसऱ्या साध्या मॉडेलवरही मिळायचा. म्हणजे अस्सल १९६९ एसएसचा व्हीआयएन १३६ने किंवा १३४ने सुरू होतो, आणि त्यात एसएसचा उल्लेखच नसतो. तुमच्या गाडीचा नंबर १३६३७ने सुरू होतो: व्ही-८ इंजिनाची दोन दारांची हार्डटॉप मालिबू. बँकेतला कारकून ३०७ इंजिनाची जी साधी मालिबू ऑफिसला न्यायचा, तिचाही नंबर अगदी असाच सुरू व्हायचा. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) ट्रिम टॅगवरही, म्हणजे बॉडी आणि रंगाचे कोड असलेल्या पट्टीवरही, त्या वर्षी एसएसची खूण नाही.

त्या वर्षी ८६,३०७ गाड्यांवर हा संच बसला. अस्सल गाडी मिळणं अशक्य नाही, हा याचा एक अर्थ. दुसरा असा की मागणी मोठी, म्हणून बॅज, काळी जाळी, उंचवट्याचं बॉनेट, पट्टे, सगळं नवं बनवून विकलं जातं. दोन आठवड्यांत मालिबूची एसएस होते. क्लोन करण्यात गैर काही नाही. क्लोन म्हणून विकली तर ती उत्तम गाडी असते. भाव मात्र क्लोनचाच द्यायचा.

१९६९च्या शेव्हेलसाठी खरा पुरावा म्हणजे कारखान्याची बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी), डीलरचं मूळ बिल, काचेवरचा किंमत-कागद, किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेत बसवलेली ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ नावाची धातूची पट्टी. ही पट्टी नकली बनवून मिळते, त्यामुळे एकटीवर भरवसा नको. जुनी पुस्तिका, पहिल्या मालकाचं नाव आणि पट्टीवरचे कोड एकमेकांशी जुळायला हवेत. गाडी मुळात कॅनडात विकली गेली असेल तर तुमचं नशीब मोठं, कारण जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेकडे जुन्या नोंदी आहेत आणि त्या पैसे भरून मिळतात. अमेरिकेत विकलेल्या त्या काळातल्या शेव्हरोलेसाठी अशी सोय नाही.

कागद नाहीत, तेव्हा मालक इंजिनाकडे बोट दाखवतो. त्याचा फोटो मी मोठा करून नीट पाहिला. काय दिसतं ते सांगतो, कारण हे वाचायला शिकलात की पुढे कोणतीही शेव्हरोले पाहताना उपयोगी पडेल.

इंजिनासमोर उभे राहा. प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या मागे अर्धवट झाकलेली, ब्लॉकचीच, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाचीच, एक छोटी सपाट पट्टी दिसते. तिच्यावर दोन नोंदी ठोकलेल्या असतात. एकीत इंजिन कुठे आणि कधी जोडलं ते असतं. तुमच्या फोटोत ‘टी ०२२६’ आणि पुढे दोन अक्षरं आहेत: टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा कारखाना, जिथे शेव्हरोलेची बिग-ब्लॉक, म्हणजे ३९६सारखी मोठ्या ब्लॉकची, इंजिनं बनायची, आणि ०२२६ म्हणजे २६ फेब्रुवारी. शेवटच्या अक्षरांवरून इंजिनाची ताकद आणि गिअरबॉक्स कळतो. दुसऱ्या नोंदीत गाडीच्या व्हीआयएनचा तुकडा असतो: शेव्हरोलेसाठी १, सालासाठी ९, कारखान्याचं अक्षर, मग शेवटचे सहा आकडे. तुमच्या गाडीचे सहाही आकडे जुळतात. ट्रिम टॅगवर ०३सी आहे, म्हणजे बॉडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. इंजिन फेब्रुवारीअखेर, बॉडी मार्चमध्ये, क्रम बरोबर. इथवर सगळं छान.

अडचण आकड्यांत नाही, त्यांच्या खालच्या धातूत आहे. कारखान्यात ही पट्टी ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्याराने सरळ खरवडून, सपाट व्हायची. त्या हत्याराच्या अगदी बारीक, समांतर रेषा राहतात, इंजिनाच्या लांबीला धरून पुढून मागे जाणाऱ्या, आणि नंबर त्या रेषांवर ठोकलेले असतात. तुमच्या फोटोत रेषा गोलाकार आहेत, कमानीसारख्या. म्हणजे ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग नंतर कधीतरी मशीनवर घासून घेतला गेलाय. यातही गैर नाही; इंजिन नव्याने बांधताना हे सर्रास करतात. पण तसं घासलं की मूळचे नंबर पुसले जातात. मग हे स्वच्छ, ठसठशीत नंबर आले कुठून? घासल्यानंतर कोणीतरी पुन्हा ठोकले, एवढंच उत्तर उरतं. कदाचित मूळच्याच ब्लॉकवर, जुने आकडे टिपून घेऊन, प्रामाणिकपणे. कदाचित दुसऱ्याच गाडीच्या ब्लॉकवर. पट्टी पाहून यातलं खरं कोणतं ते कळत नाही, आणि जे कळत नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

आताच्या मालकाला हे माहीत असेलच असं नाही. गाडी चार हातांतून आलेली असते, त्याने विश्वासाने घेतलेली असते. त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करू नका. फक्त ‘मूळचं इंजिन’ ही गोष्ट भावातून काढा.

तरी दोन गोष्टी स्वतः पाहून या. ब्लॉक ओतल्याची तारीख ब्लॉकवरच उठावात असते, ती घासून जात नाही. महिना अक्षरात लिहितात, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. ‘बी १८ ९’ म्हणजे १८ फेब्रुवारी १९६९. ही तारीख इंजिन जोडल्याच्या तारखेआधीची हवी, आणि साधारणपणे काही दिवस किंवा आठवडेच आधीची. जूनची निघाली तर विषय संपला. दुसरं, चार गिअरच्या मन्सी गिअरबॉक्सवरही व्हीआयएनचा तुकडा ठोकलेला असतो. तो जुळला तर थोडं वजन वाढतं. मागच्या अॅक्सलच्या झाकणाचे बोल्टही मोजा. एसएस ३९६ला बारा बोल्टचा अॅक्सल यायचा, साध्या मालिबूला सहसा दहाचा. दहा असतील तर दाव्याला मोठं भोक पडतं. बारा असले तरी सिद्ध काही होत नाही, कारण अॅक्सल बदलणं एका दुपारचं काम आहे.

जाता जाता: उद्या १९७०ची एसएस ३९६ पाहायला गेलात आणि ब्लॉक ४०२ घनइंचाचा निघाला, तर दचकू नका. त्या वर्षी नाव ३९६चंच ठेवलं, पण इंजिन प्रत्यक्षात ४०२चं होतं.

ट्रिम टॅगच्या त्याच फोटोत रंगाचा कोड ५७ आहे. ५७ म्हणजे फॅदम ग्रीन, गडद हिरवा. लाल, म्हणजे गार्नेट रेड, ५२ असता. गाडी मुळात हिरवी होती. लाल गाडी लवकर विकली जाते म्हणून असे बदल फार झाले, आणि मला व्यक्तिशः त्याचं वाईट वाटतं, कारण फॅदम ग्रीन शेव्हेल उन्हात उभी असली की नजर हटत नाही. रंग बदललेल्या गाडीला जाणकार गिऱ्हाईक कमी देतो. डॅशबोर्डच्या खाली, दारांच्या रबराखाली हिरवा दिसतो का ते पाहा. तिथे हिरवा राहिला असेल तर रंगकाम घाईचं आहे.

आता पत्रा. आपण मिशिगनमध्ये आहोत. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि ते पत्रा खातं. हे मी रोज पाहतो. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सासच्या कोरड्या भागातून आलेल्या गाडीला इथे लोक जास्त पैसे देतात ते उगाच नाही. तुम्हीच लिहिलंय की मागच्या चाकांच्या पाठीमागे, खालच्या बाजूला चुंबक धरत नाही. तिथे पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली आहे, बहुधा जाड. शेव्हेल गंजते ती याच जागी, कारण डिकीत शिरलेलं पाणी क्वार्टर पॅनेलच्या, म्हणजे मागच्या चाकाभोवतीच्या बाजूच्या पत्र्याच्या, तळाशी साचतं. आणि पाणी शिरतं मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून. व्हायनिलचं छप्पर असेल, किंवा कधीकाळी होतं आणि आता काढून टाकलंय असं दिसलं, तर त्या कोपऱ्यांवर बोटाने दाबून पाहा. डिकीतली चटई उचला. खाली टॉर्च मारा. स्पेअर चाकाच्या खालचा पत्रा आणि त्याच्या दोन्ही कडांचे खोलगट भाग पाहा. नवीन काळा रबरी लेप खालून ताजा मारलेला असेल तर तो का मारला, हे आधी विचारा.

पण सगळ्यात महत्त्वाचं पाहायचं ते गाडी लिफ्टवर घेऊन. मागच्या अॅक्सलच्या वर जिथे फ्रेम वळते, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज यावा. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर ३४ हजारही देऊ नका, परत या. क्वार्टर पॅनेल बदलता येतो. फ्रेम सडलेली गाडी पहिल्यांदा घेणाऱ्याने घ्यायचीच नसते. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र शंभरेक डॉलरच्या आसपास मिळतं, ते घ्या. कारखान्याचा रंग साधारण ४ ते ६ मिल, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. पुन्हा मारलेला चांगला रंग त्याच्या दुपटीपर्यंत जातो. वीसच्या वर आकडा गेला की आत लांबी. संपूर्ण गाडीचे आकडे एका कागदावर गाडीचं चित्र काढून लिहा. हा कागद घासाघीस करताना तुमच्या शंभर शब्दांपेक्षा जास्त बोलेल.

आता भावाचा हिशोब. एसएस असल्याचा पुरावा नाही, म्हणून सुरुवात क्लोनच्या आकड्यापासून. तुमच्या यादीत क्लोन ३० ते ४० हजारांना गेल्या. तुमच्या गाडीत बिग-ब्लॉक आहे, चार गिअर आहेत, आत-बाहेर नीटनेटकी आहे, म्हणून मी वरचं टोक धरतो: ४०,०००. दोन्ही क्वार्टरच्या खालचा गंज कापून नवा पत्रा जोडणं आणि रंग जुळवणं, बऱ्या दुकानात ५,०००. टायरवर कारखान्याचा आठवडा आणि साल चार आकड्यांत असतं. तुमच्या फोटोत १८११ आहे, म्हणजे २०११च्या अठराव्या आठवड्यातले. खाचांची खोली कितीही दिसो, त्या टायरांवर महामार्गावर जायचं नाही. चार टायर, बसवणीसह, १,०००. उरले ३४,०००.

मालक म्हणेल, मी यावर ८० हजार खर्च केले, पावत्या आहेत. खर्च केलेही असतील. इथल्या रिस्टोरेशनच्या दुकानांत तासाला १०० डॉलर किंवा जास्त मजुरी आहे, आणि गाडी पूर्ण उघडून केलेल्या कामाला हजार तास सहज लागतात. नुसती मजुरीच लाखावर जाते. बाजार ते पैसे परत देत नाही, कधीच दिलेले नाहीत. म्हणूनच पहिली गाडी घेणाऱ्याला मी नेहमी सांगतो, दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी घ्या. अर्धवट सोडलेला प्रकल्प स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका. पण पूर्ण झालेली म्हणजे चांगली झालेली, असं समजू नका. पावत्यांवर कशाचे पैसे गेले ते वाचा. क्रोम आणि स्टिरिओवर गेले असतील तर भावात त्यांना जागा नाही. वेल्डिंग, ब्रेक, इंजिनाच्या मशीनिंगची बिलं, कामाआधीचे उघड्या पत्र्याचे फोटो, याला जागा आहे.

तुम्ही जमवलेल्या आकड्यांबद्दल. विक्री झालेल्या गाड्यांचे आकडे घेतलेत हे उत्तम केलंत. बहुतेक जण जाहिरातीतले मागणीचे आकडे घेतात आणि तिथेच फसतात. पण एकदा तपासा की ते कोणत्या प्रकारचे आहेत. मोठ्या लिलावांत हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदाराला साधारण १० टक्के आकार वेगळा द्यावा लागतो, ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावावर ५ टक्के. काही याद्यांत तो मिळवलेला असतो, काहींत नसतो. ५० आणि ५५ हजार हे कधीकधी एकाच विक्रीचे दोन आकडे असतात. यादीतली सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त अशा दोन्ही विक्री बाजूला काढा. दोन हट्टी गिऱ्हाइकं एकाच खोलीत आली की काय होतं ते टीव्हीवर दिसतं, त्याला बाजारभाव म्हणत नाहीत. २०१४मध्ये सिॲटलच्या लिलावात १९७१ची प्लिमथची हेमी ‘कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली, तशा ११च बनल्या होत्या. तिचा आणि तुमच्या शेव्हेलचा काही संबंध नाही, तरी प्रत्येक विक्रेता असा एखादा आकडा तोंडावर फेकतोच.

आकडे एका वर्षापेक्षा जुने नकोत. हा बाजार २००६-०७ला खूप चढला, मंदीत कोसळला, २०२१-२२ला पुन्हा चढला, मग उतरला. २०२२चा भाव दाखवणाऱ्याला आजचा विचारा.

हॅगर्टी या क्लासिक गाड्यांच्या विमा कंपनीची किंमत-यादी जरूर वापरा, पण तिच्यातल्या अवस्था नीट वाचा. क्रमांक १ म्हणजे स्पर्धेत जिंकणारी, २ म्हणजे उत्कृष्ट, ३ म्हणजे चांगली, नेहमी चालवण्याजोगी, जवळून पाहिल्यावर दोष दिसणारी, ४ म्हणजे दोष लांबूनच दिसणारी. विकणारा प्रत्येक जण आपल्या गाडीला २ म्हणतो. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक गाड्या ३ होत्या. लांबी भरलेली, रंग बदललेली तुमची शेव्हेलही ३च, आणि तीही चमक जमेस धरून. २ आणि ३ मधला फरक हजारोंचा असतो, म्हणून इथे मोठं मन दाखवू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या गाडीसाठी १९६९ची शेव्हेलच हवी असा हट्ट नसेल तर पुरावा सहज मिळतो अशी गाडी निवडा. रास्त भाव ठरवणं निम्म्याने सोपं होतं. १९६६ ते १९६८ची एसएस ३९६, हे सांगितलंच. पॉन्टिॲक जीटीओ १९६६ ते १९७१ असेल तर व्हीआयएन २४२ने सुरू होतो, आणि पॉन्टिॲकच्या नोंदी जपणाऱ्या सेवेकडून, जिला सगळे पीएचएस म्हणतात, कारखान्याच्या बिलाची प्रत मिळते. फोर्ड घ्यायची तर १९६७पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मागवा. व्हीआयएन द्यायचा आणि मूळचा रंग, इंजिन, गिअरबॉक्स, कोणत्या डीलरकडे गेली, हे सगळं समोर येतं. शिवाय मस्टँगच्या व्हीआयएनमध्ये पाचवं अक्षरच इंजिनाचं आहे: एस असेल तर ३९०, आर असेल तर १९६८ ते १९७०च्या गाडीत ४२८ कोब्रा जेट. प्लिमथ आणि डॉजच्या १९७०च्या गाड्यांतही पाचवं अक्षर इंजिनाचं: एन म्हणजे चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचं ३८३, यू म्हणजे ४४०, आर म्हणजे ४२६ हेमी. अशा गाडीत मालकाचा दावा तुम्ही फोनवर बसल्या बसल्या तपासू शकता.

आणि साधी मालिबू, ३०७ किंवा ३५० इंजिनाची, मूळच्या रंगात, पत्रा चांगला असलेली मिळाली तर तिला कमी लेखू नका. तोच आकार, तीच दारं, तोच आवाज थोडा कमी. तिथे कोणी तुम्हाला बॅजचे पैसे मागत नाही.

चालवून बघण्याबद्दल फार लिहीत नाही, ते अनुभवी मेकॅनिक सोबत नेलात की होईल. एवढंच पाहा की तुम्ही पोहोचाल तेव्हा इंजिन थंड हवं. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने चालू करून ठेवलीय, आणि थंड इंजिनाचा पहिला निळा धूर तुम्हाला दिसणार नाही. अर्धा तास चालवल्यावर, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर किती उरतं ते काट्यावर बघा.

कागदांचं एक मात्र अजिबात सोडू नका. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर आणि डॅशबोर्डवरचा व्हीआयएन अक्षर न् अक्षर जुळायला हवा, आणि टायटलवर नाव विकणाऱ्याचंच हवं. मित्राचं, वारलेल्या काकाचं, आधीच्या मालकाचं असेल तर आधी त्याने स्वतःच्या नावावर करून घ्यावं, मगच इसार द्या. व्हीआयएनच्या पट्टीचे रिव्हेट फुलाच्या आकाराचे, पाकळ्यापाकळ्यांचे असतात. साधे गोल रिव्हेट दिसले तर थांबा. मिशिगनचा ६ टक्के कर तुमच्या एकूण रकमेत आधीच धरा. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या; साधा विमा अपघातानंतर जुनी गाडी म्हणून घसारा लावून बोळवण करतो.

आता या गाडीचं काय करायचं. अस्सल असण्याची एक वाट अजून बंद झालेली नाही. या शेव्हेलच्या बिल्ड शीट कितीदा तरी पेट्रोलच्या टाकीच्या वर अडकलेल्या सापडतात, कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये. पट्टे सोडून टाकी खाली घ्यायला मेकॅनिकला तासभर लागतो. मालकाला सांगा, मजुरी मी देतो, तुमच्यासमोर उघडू. टाकी कधीच उतरवली नसेल तर वर पिवळा पडलेला कागद असू शकतो. शीट निघाली आणि तिच्यावर झेड२५ असेल, तर गाडी अस्सल एसएस आहे, इंजिनाचा प्रश्न मात्र तसाच. मग मी सुरुवात तुमच्या यादीतल्या अस्सल गाड्यांच्या खालच्या टोकापासून, ४८ हजारांपासून करीन, तेच ६ हजार वजा करीन आणि ४२ हजारांवर थांबेन. शीट निघाली नाही तर ३४. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गाडी हिवाळ्यासाठी ठेवायला जागा शोधायची वेळ आली की मालक या आकड्याकडे जास्त शांतपणे बघेल, एप्रिलमध्ये नाही. तेव्हा घाई नसेल तर आकडा, जाडीच्या नोंदींचा कागद आणि तुमचा फोन नंबर त्याच्याकडे ठेवून या.